लाल डब्यातला नग

‘आत्या दार अर्धंच उघडेल,’ आईनं फोनवर बजावलं होतं. ‘तेव्हा दारात उभं राहून गप्पा ठोकू नकोस. सरळ पाय आत टाक.’

भिंगू हसली होती. आईला साध्या गोष्टीतही भानगड दिसायची. हाच गुण आपल्यातही जसाच्या तसा उतरलाय, हे तिला अजून कळायचं होतं. शिवाय तेव्हा ढमी नुकतीच जन्मली होती. झोपलेल्या लेकीच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघत बसणारी बाई दुसऱ्याच्या दाराची चौकशी कुठून करणार? आणि आत्या तर ठणठणीत होती. काठी टेकत का होईना, बस पकडून स्वतः भाचीकडे यायची. ‘आत्ताच जेवून निघाले’ म्हणायची आणि बिस्किटांची बशी चाटूनपुसून रिकामी करायची. ‘तुझी बिस्किटं मऊ पडतात गं, फेकायच्या आधी खाल्लेली बरी,’ असं वर ऐकवायची.

आत्या तिला भिंगू म्हणायची. लहानपणी सुट्टीत आली की आत्याच्या कामाचं भिंग घेऊन ती घरभर हिंडायची. मुंगीच्या मिशा, उशीचा टाका, आतोबांच्या नाकावरचा तीळ, काही म्हणता काही सोडायची नाही. आत्या बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होती. तयार झालेला नग गेज नावाच्या मापावर धरायचा, बरोबर असेल तर पुढे, नसेल तर बाजूच्या लाल डब्यात. थोडा फरक चालवून घ्यायचे, त्याला टॉलरन्स म्हणायचे. केसाच्या कितव्या तरी भागाची चूक तिच्या बोटांना कळायची. कारखान्यात तिला सगळे वचकून असत आणि आतोबा घरी वचकून असत. ‘तुझी आत्या माझ्याकडे बघते ना, तेव्हा वाटतं आता डब्यात टाकते की काय,’ असं ते म्हणायचे. ते जाऊन बराच काळ लोटला होता.

तर अशी ही आत्या एका दुपारी ढमीला परत भिंगूच्या हातात देता देता म्हणाली, ‘महिनाअखेरीला खोल्या सोडतेय मी.’

‘कसल्या खोल्या?’

‘माझ्या. आणखी कुणाच्या सोडणार? दुसऱ्या गावी एक वृद्धनिवास आहे. एका खोलीत चौघीजणी. स्वस्त पडतं. घरमालकाला कळवलंय.’

‘अगं पण का? आणि इतक्या लांब?’

‘भाडं वाढलं. माझी पेन्शन वाढली नाही.’ आत्यानं पर्सची चेन ओढली. ‘तोंड मिट, माशी जाईल. एवढं काय त्यात? म्हातारी माणसं हलतातच इकडून तिकडे.’

‘आमच्याकडे ये.’

‘तुमच्या स्वयंपाकघरात मी उभी राहिले तर वळण्यासाठी तुला बाहेर जावं लागेल. आणि चार जिने रोज चढायला माझ्या गुडघ्यांनी काय गुन्हा केलाय?’

आत्या लग्न होऊन ज्या दोन खोल्यांत आली त्याच खोल्यांत आजवर राहिली होती. तिथली खिडकी, तिथला नळ, तिथला शेजार सोडून ती तीन अनोळखी बायकांच्या खोकल्यात झोपणार होती. आणि ढमीला ती कोण हे कळायच्या आधीच नजरेआड होणार होती.

लसीकरणाच्या दिवशी दवाखान्यात बसून नंबरची वाट बघताना तिनं सवयीप्रमाणे भिंतीवरचं सगळं वाचून काढलं. गोवराची लक्षणं, हात धुण्याची पद्धत, पार्किंगचे नियम. आणि कोपऱ्यात, अर्धा पडद्याआड गेलेला एक सरकारी फलक. वय झालंय आणि उत्पन्न पुरत नाही? उत्पन्न एका ठरावीक रेषेच्या खाली असेल, तर त्या रेषेपर्यंतची भर आम्ही घालतो. रेषा दर वर्षी नव्यानं ठरते. एकदा विचारून बघा. आणि खाली, बारीक अक्षरात, ज्यांना ही मदत मिळू शकते त्यांतले कितीतरी जण कधी विचारायलाच येत नाहीत.

तिनं पडदा बाजूला सारून ते पुन्हा वाचलं. रेषेपर्यंतची भर! म्हणजे कुणीतरी, कुठंतरी, एक रेषा आखली होती आणि ठरवलं होतं की या वयात कुणीही हिच्या खाली जगायचं नाही. इतकी वर्षं ती रेषा होती आणि आपल्याला पत्ता नव्हता. फलकाचा फोटो काढून, सुई टोचल्यामुळे रडून लाल झालेल्या ढमीला बाबागाडीत घालून, ती तडक आत्याच्या घराकडे निघाली.

दार अर्धंच उघडलं.

‘अगं! न सांगता? थांब, मी चप्पल घालते, आपण खाली बाकावर बसू. आत पसारा आहे सगळा.’

आत्याचा एक डोळा, अर्धं नाक, दाराच्या कडेवर घट्ट धरलेली बोटं. भिंगूला आईचे शब्द आठवले, पण पाय तिनं नाही टाकला. बाबागाडीचं पुढचं चाक टाकलं.

‘ढमीला शू झालीय आत्या. बाकावर बदलू का?’

चाक आत गेलं, मागोमाग भिंगू.

पुढची खोली रिकामी होती. पसारा कसला, पसरायलाच काही उरलं नव्हतं. भिंतीला दोऱ्या बांधलेली खोकी, बस्स. थंडी अशी की तोंडातून वाफ निघावी. आत्याचा सगळा संसार स्वयंपाकघरात येऊन बसला होता. ओट्याला खेटून पलंग, त्यावर आतोबांचा जाड कोट पांघरूण म्हणून. शेगडीवर एकच पातेलं. फळीवर चहाची डबी आणि पाव. भिंगूनं शिकारी कुत्र्यासारखी नजर फिरवली, पण वास घ्यायला तिथं काहीच शिजलेलं नव्हतं.

मग तिचं लक्ष खाली गेलं.

फरशीवर खडूच्या खुणा होत्या. बारीक, सरळ, प्रत्येकीच्या टोकाला छोटी आडवी रेघ. कारखान्यातल्या माणसाच्या खुणा. त्या खिडकीपासून निघत होत्या आणि वाकत वाकत पलीकडच्या कपाटापर्यंत गेल्या होत्या. त्यांतल्या एका खुणेवर खुर्चीचे पाय अचूक टेकलेले होते, आणि खुर्चीवर ऊन.

‘हे काय आहे, आत्या?’

आत्या जरा घुटमळली. पण कामाबद्दल विचारलं की तिला राहवत नसे. ‘ऊन आहे ते. सकाळी इथून आत येतं. हिवाळ्यात पार कपाटाला शिवून जातं, उन्हाळ्यात इथंच थांबतं, त्याच्या वेगळ्या खुणा आहेत, या बघ. खुर्ची आपली त्याच्याबरोबर सरकवत न्यायची. हीटर लावायचं कामच नाही.’

‘आणि रात्री?’

‘रात्री झोपायचं असतं, भिंगू. तुला तुझ्या आईनं शिकवलं नाही का?’

भिंगूला भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीच. पण भीतीच्याही आधी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, देवळात घंटेखाली उभं राहिल्यावर येतो तसा. गुडघ्यांनी दगा दिलेल्या एका बाईनं सूर्याला आपल्या स्वयंपाकघरात कामाला लावलं होतं. ऋतू मोजले होते, ऊब मोजली होती, आणि कुणाला चकार शब्द न बोलता त्यात बसून राहिली होती. एवढी अक्कल, एवढा धीर, आणि सगळं खर्ची पडलं होतं ते कुणाला कळू नये म्हणून.

तिनं ढमीला पलंगावर ठेवून लंगोट बदलला, आणि मोबाइलवरचा फोटो आत्यापुढे धरला.

आत्यानं चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. चष्मा खाली आणला.

‘झालंय माझं हे.’

‘काय झालंय?’

‘तपासून झालंय. आम्ही दोघं गेलो होतो त्या कचेरीत. हे निवृत्त झाले त्या वर्षी. रांगेत उभे राहिलो, सगळं सांगितलं. थोडक्यासाठी रेषेच्या वर गेलो म्हणाले. नापास.’

‘अगं त्याला किती वर्षं झाली!’

‘कितीही होऊ देत.’ आत्या उठून खुर्ची पुढच्या खुणेवर न्यायला लागली. ‘आमच्या गेजच्या खोलीत पहिला नियम होता. लाल डब्यात पडलेला नग परत मोजायचा नाही. कुणीही सांगू दे, साहेबानं सांगू दे. कारण परत परत मोजलास ना, की हात ढिला पडतो. आज नाही, उद्या नाही, परवा तो नग बरोबर बसल्यासारखा वाटतो. आणि मग तो कुणाच्या तरी गाडीच्या चाकात जातो. मी जन्मभर एक नग परत उचलला नाही. आता स्वतःला उचलू?’

हट्ट असता तर भिंगू भांडली असती. हा हट्ट नव्हता. आत्याच्या सगळ्या इभ्रतीचा कणा होता तो, आणि त्याच कण्यानं तिला या थंड खोलीत ताठ बसवून ठेवलं होतं. कचेरीत पुन्हा जाणं म्हणजे आत्याच्या लेखी लबाडी होती.

ढमी पलंगावर कोटाची गुंडी तोंडात घालायला निघाली होती. आतोबांचा कोट. भिंगूनं गुंडी सोडवली, आणि सोडवता सोडवता तिच्या काहीतरी लक्षात आलं.

‘आत्या, तेव्हा त्यांनी मोजलं कुणाला?’

‘कुणाला म्हणजे? आम्हाला.’

‘दोघांना. तुझं आणि आतोबांचं मिळून.’

‘हो. मग?’

‘मग तो नग आता आहे कुठे?’

आत्याचा हात खुर्चीच्या पाठीवरच राहिला.

‘तू एकटीनं कधी मोजून घेतलंयस? एकदा तरी? डब्यात पडला तो जोडनग होता. त्यातलं एक... ते आता नाही. तू वेगळी आहेस. तुला तर अजून गेज लागलेलंच नाही.’

आत्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. भिंगूनं दुसरा घाव घातला. ‘आणि गेजचं काय? तेच गेज वर्षानुवर्षं चालतं?’

‘छे! झिजतं ते. तपासायला पाठवावं लागतं. बदलावं लागतं.’

‘आणि बदललं की?’

‘बदललं की ज्याचा निकाल लागायचा राहिलाय तो सगळा माल नव्या गेजवर...’ आत्या थांबली. मग सावकाश, आपल्याच तोंडून निघालेल्या शब्दांकडे बघत, तिनं वाक्य पुरं केलं, ‘...नव्यानं मोजावा लागतो. नियमच आहे तसा.’

‘ही रेषाही दर वर्षी बदलते. लिहिलंय इथं.’

ऊन खुर्चीवरून घसरून पुढच्या फरशीवर गेलं होतं. आत्यानं खुर्ची सरकवली नाही.

‘वकील व्हायला हवं होतंस,’ ती शेवटी म्हणाली. ‘लाव फोन. पण खोटं एक अक्षर बोलायचं नाही. मी इथं बसलेय.’

फलकावरच्या नंबरवर बराच वेळ तेच ते संगीत वाजत राहिलं. ढमी त्यावर डोकं हलवायला लागली. मग एका तरुण मुलाचा, सर्दी झालेला आवाज आला. भिंगूनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

‘बोला आजी.’

‘मी तुमची आजी नाही. तपासनीस म्हणा.’

‘बरं, तपासनीसबाई,’ मुलगा हसला आणि शिंकला. ‘एकेक प्रश्न विचारतो. घाई नाही.’

त्यानं वय विचारलं, पेन्शन विचारली, भाडं विचारलं. आत्या साक्षीदारासारखी ताठ बसून उत्तरं देत होती.

‘घरात एकट्याच राहता?’

‘हो.’

‘आधी कुणी होतं?’

आत्यानं कोटाकडे बघितलं. ‘होते.’

पलीकडची टाइप करण्याची टकटक क्षणभर थांबली. ‘वाईट वाटलं,’ तो म्हणाला. मग, ‘स्वतःचं स्वतः आवरताना काही त्रास होतो का? अंघोळ, कपडे, पायातलं काही?’

‘नाही.’

भिंगूनं डोळे वटारले. आत्यानं मान फिरवली. ‘खोटं एक अक्षर नाही, कुणी म्हटलं होतं?’ भिंगू हळूच म्हणाली.

‘मोजे,’ आत्या फोनकडे न बघता म्हणाली. ‘वाकता येत नाही. मोजे घालायला सकाळ जाते. म्हणून मी ते काढतच नाही.’

‘हेही लिहितो,’ मुलगा म्हणाला. ‘याची वेगळी मदत असते, आणि ती मिळाली तर तुमची रेषासुद्धा वर सरकते.’

भिंगू फोनकडे बघतच राहिली. ढमीचे मोजे ती रोज घालायची, रोज हरवायची, रोज शोधायची. लेकीचे पाय गार तर पडले नाहीत ना, हे रात्रीतून कितीदा चाचपायची. आईनं लेकीच्या मोज्यांची काळजी करायची, यात नवल कसलं? पण आत्याच्या मोज्यांची काळजी कुणीतरी करून ठेवली होती. जिला कधी बघितलं नाही, जिचं नाव माहीत नाही, अशा बाईसाठी कुठल्याशा खोलीत, कुठल्याशा टेबलाभोवती बसून काही माणसांनी एकमेकांना विचारलं असणार, वाकता आलं नाही तर? एकटी राहिली तर? भाडं वाढलं तर? प्रत्येक प्रश्नाआड कुणीतरी एक माणूस डोळ्यांपुढे आणला होता. आणि तो सगळा विचार इतकी वर्षं शांतपणे वाट बघत पडून होता, आत्या एकदा विचारेल म्हणून. आकाशातले तारे बघून माणसाला जे वाटतं ते एका सर्दी झालेल्या मुलाच्या प्रश्नावलीनं वाटावं, हे ती कुणाला सांगणार होती?

‘बँकेत शिल्लक काही?’

आत्याचा चेहरा पडला. ‘आहे थोडी. पण ती माझी नाही.’

‘मग कुणाची?’

‘मी गेल्यावर मला नेतील त्यांची. माझ्या मागे कुणाला भुर्दंड नको.’ ती भिंगूकडे वळली. ‘बघ, इथंच अडणार. मला माहीत होतं.’

‘एवढीच ना?’ आकडा ऐकून मुलगा म्हणाला. ‘तेवढ्याकडे आम्ही बघतच नाही.’

‘बघतच नाही म्हणजे?’

‘एका मर्यादेपर्यंतची शिल्लक हिशोबात धरत नाही. असू दे की तुमच्याकडे.’

आत्यानं फोनवर पंजा झाकला. तिचे डोळे भिंगूनं कधी न पाहिल्यासारखे मोठे झाले होते. ‘अगं,’ ती कुजबुजली, ‘यांच्याकडे टॉलरन्स आहे!’

बराच वेळ टकटक चालली. ढमी पलंगावरून उतरवून घ्या म्हणून हात पसरत होती. आत्यानं तिला मांडीवर घेतलं आणि तिचं डोकं हनुवटीखाली धरून बसली. डोळे मिटलेले. निकालाला आत्या पहिल्यांदाच एकटी नगाच्या जागी बसली होती.

‘हं, तपासनीसबाई. तुम्ही सांगितलंत त्यावरून तुम्ही पात्र आहात. कागद बघून शेवटचं पत्र येईल, पण मला अडचण दिसत नाही. भाड्याचा अर्जही यातूनच पुढे पाठवतो, त्यातही मदत बसेल. आणि मागच्या काही काळाचंही थोडं मिळेल.’

आत्यानं डोळे उघडले.

‘ऐकू येतंय ना?’

‘येतंय,’ आत्या म्हणाली. आणि मग, जिनं जन्मात नग दुसऱ्यांदा उचलला नाही, तीच बाई म्हणाली, ‘परत एकदा मोजा. पहिल्यापासून. चुकून पुढे जात असेन तर मला नको.’

मुलानं कुरकुर केली नाही. त्यानं पहिल्यापासून सगळं वाचलं, मोज्यांसकट. आत्या प्रत्येक ओळीला मान हलवत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायचंही तिला भान नव्हतं. ढमीच ते बोटानं पसरवत होती.

‘तेच आलं,’ मुलगा म्हणाला.

‘मग बरोबर आहे,’ आत्या म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं ढमीला भिंगूकडे दिलं. ‘हे माझ्यासाठी ठेवलेलं होतं होय गं?’ एवढंच म्हणाली. ‘आणि मी तिकडे पाठ करून बसले होते.’ मग नाक शिंकरून तिनं घरमालकाला फोन लावला. ‘खोल्या सोडणार होते, ते रद्द... हो, ऐकलंत ते बरोबर... भाड्याचा फलक लावलात? मग काढा. हातानं लावला तसा हातानं निघेल.’

पत्र यायला वेळ लागला, आणि तेवढ्यात भिंगूनं काळजीनं नखं खाऊन संपवली. पण पत्र आलं, आणि मुलगा म्हणाला होता तसंच आलं. खोक्यांच्या दोऱ्या आत्यानं कापल्या नाहीत, गाठ सोडवून गुंडाळून ठेवल्या. पलंग पुढच्या खोलीत परत गेला. हीटर लागला. पातेल्याशेजारी कढई आली. खडूच्या खुणा मात्र तिनं पुसू दिल्या नाहीत. ढमी आता रांगते. सकाळी ऊन खिडकीतून उतरलं की त्या खुणांवरून ती त्याच्यामागे जाते, हात टेकत, धापा टाकत, थेट कपाटापर्यंत. आणि आत्या खुर्चीत बसून, दार सताड उघडं टाकून, ती रेषेवरून कुठे ढळत नाही ना यावर नजर ठेवते.

तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल. ‘आत्ताच जेवून निघाले’ म्हणणारं. आपणहून तुमच्याकडे येणारं, पण घरी कधी न बोलावणारं. एकदा कुणी नाही म्हटलं, की पुन्हा न विचारणारं. आत्ता वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे जो चेहरा आला ना, त्याच्याकडे आज जा. बेल वाजवा. दार अर्धं उघडलं, तर तिथं उभ्यानं बोलू नका.